‘गाझा बरियल’ आणि त्याची रॉ फाइल: २०१३ च्या वर्ल्ड प्रेस फोटो वादाचा प्रकरण अभ्यास

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी अॅमस्टरडॅम येथील वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने आपल्या वार्षिक स्पर्धेतील सर्वोच्च पुरस्कार स्वीडनच्या ‘डागेन्स न्यूहेतर’ या दैनिकाचे छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांना जाहीर केला. ‘गाझा बरियल’ या नावाने ओळखले जाणारे ते छायाचित्र २० नोव्हेंबर २०१२ रोजी गाझा शहरात टिपलेले होते. इस्रायली क्षेपणास्त्राने घर उद्ध्वस्त होऊन मरण पावलेल्या दोन चिमुकल्या भावांचे पांढऱ्या कापडात गुंडाळलेले देह हातांवर घेऊन नातेवाईक एका अरुंद गल्लीतून मशिदीकडे निघाले आहेत आणि त्यांच्या मागे मुलांच्या वडिलांचा मृतदेह आणला जात आहे, असे ते दृश्य आहे. ५,६६६ छायाचित्रकारांनी पाठवलेल्या १,०३,४८१ छायाचित्रांमधून त्याची निवड झाली होती. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे सॅन्टियागो लायन होते.

पुरस्कार जाहीर झाल्यावर चर्चा सुरू झाली ती प्रकाशाची. गल्लीच्या दोन्ही भिंती, पुढच्या माणसांचे चेहरे आणि मुलांची कफने यांवर एक मऊ, जवळजवळ स्टुडिओतला वाटावा असा उजेड होता, आणि अनेकांना हे दृश्य बातमीपेक्षा चित्रपटातले वाटले. त्यात भर पडली ती हेच छायाचित्र नोव्हेंबरमध्ये वेगळ्या टोनिंगमध्ये, म्हणजे उजेड आणि रंगांच्या वेगळ्या छटांत, प्रसिद्ध झालेले होते या गोष्टीची. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की फरक सहज दिसत होता. तरीही तोपर्यंतचा आक्षेप अभिरुचीचा होता आणि बनावटीचा थेट आरोप झालेला नव्हता. तो मे २०१३ मध्ये झाला, आणि मूळ, अस्पर्शित फाइल जपून ठेवण्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल तर त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जे घडले त्याचा बारकाईने विचार करावा लागतो.

आरोप

डिजिटल प्रतिमांच्या न्यायवैद्यक विश्लेषणात काम करणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ नील क्रॉवेत्झ यांनी प्रसिद्ध झालेली जेपेग प्रत तपासून असा निष्कर्ष मांडला की हे एक छायाचित्र नसून अनेक प्रतिमा एकत्र करून बनवलेले जोडचित्र आहे. त्यांच्या मांडणीला तीन आधार होते.

पहिला आधार एक्सएमपी या मेटाडेटाचा होता. फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर फाइल जतन करताना तिच्यात एक इतिहास लिहून ठेवते: कोणत्या फाइलपासून ही प्रत निघाली, ती केव्हा उघडली, केव्हा जतन केली. या नोंदींत जानेवारी २०१३ मधील, म्हणजे स्पर्धेच्या प्रवेशिका पाठवण्याच्या दिवसांतील, काम दिसत होते आणि रॉ फाइलपासून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेल्या मूळ नोंदीपासून) तयार झालेल्या एकापेक्षा अधिक आवृत्त्या वापरल्याची चिन्हे होती. दुसरा आधार सावल्यांचा होता: त्या दिवशी, त्या वेळी सूर्य जिथे असायला हवा त्याच्याशी चेहऱ्यांवरचा उजेड जुळत नाही, असे म्हणणे होते. तिसरा आधार ‘एरर लेव्हल अॅनालिसिस’ या तंत्राचा होता. त्यात जेपेग फाइल ठरावीक दर्जाने पुन्हा जतन करून आधीच्या आणि नंतरच्या प्रतींतील फरक काढतात; फाइलचा एखादा भाग इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात बदलला तर तो नंतर घातलेला असावा, असा तर्क त्यामागे असतो.

वरवर पाहता तीनही आधार एकाच दिशेला बोट दाखवत होते आणि त्यामुळेच बातमी वणव्यासारखी पसरली. येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नोंदवायला हवी. क्रॉवेत्झ यांच्या हातात प्रसिद्ध झालेल्या जेपेगशिवाय काहीच नव्हते. ज्याला केवळ अंतिम प्रत मिळते त्याला मागे काय घडले याचा अंदाजच बांधावा लागतो, आणि अंदाज कितीही शास्त्रीय भाषेत मांडला तरी तो अंदाजच राहतो.

हॅन्सन यांचे स्पष्टीकरण

हॅन्सन यांनी आरोप फेटाळला आणि आपली पद्धत सांगितली. गल्लीतला प्रकाश असमान होता. भिंतींवरून परावर्तित होणारा उजेड काही भागांवर पडत होता आणि काही भाग अंधारात होते. तो समतोल साधण्यासाठी त्यांनी एकच रॉ फाइल वेगवेगळ्या उजळपणाने विकसित केली आणि त्या आवृत्त्या एकमेकींवर ठेवल्या. निगेटिव्ह स्कॅन करतानाही हेच करत असत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे स्पष्टीकरण खरे मानले तर एक्सएमपीतील नोंदींचा अर्थ पूर्णपणे बदलतो. एकाच रॉ फाइलच्या तीन आवृत्त्या काढून त्या थरांमध्ये रचल्या, तरीही मेटाडेटामध्ये अनेक स्रोतांची नोंद होणार. आणि तीन निराळ्या क्षणांची तीन छायाचित्रे रचली, तरीही तशीच नोंद होणार. त्या नोंदवहीत ‘अनेक’ एवढेच लिहिलेले असते. ते अनेक एकाच क्षणातून आले की निरनिराळ्या, हे तिला सांगता येत नाही. क्रॉवेत्झ यांनी थरांचे अस्तित्व ओळखले ते चूक नव्हते. थरांवरून निरनिराळ्या छायाचित्रांपर्यंत त्यांनी जी उडी घेतली तिला आधार नव्हता. प्रसिद्ध जेपेगमधून या दोन शक्यता वेगळ्या काढणे जवळजवळ अशक्य होते. त्या वेगळ्या करू शकणारी वस्तू एकच होती: कॅमेऱ्याने कार्डावर लिहिलेली, कोणीही हात न लावलेली मूळ फाइल.

पडताळणी

वर्ल्ड प्रेस फोटोने जाहीर केले की हॅन्सन यांच्या स्पष्टीकरणावर शंका घेण्याचे कारण संस्थेला दिसत नाही. मात्र तर्कवितर्क थांबावेत म्हणून, त्यांच्या पूर्ण सहकार्याने, स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली जाईल. रॉ फाइल आणि पुरस्कारप्राप्त जेपेग या दोन्ही तज्ज्ञांना देण्यात आल्या. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद आणि फोरअँडसिक्स या कंपनीचे केव्हिन कॉनर यांनी एकत्रित अहवाल दिला. नेदरलँड्समधील डिजिटल छायाचित्रणाचे तज्ज्ञ एडवर्ड दे काम यांनी स्वतंत्रपणे पाहणी केली. १४ मे रोजी निष्कर्ष जाहीर झाले.

फरीद आणि कॉनर यांनी स्पष्ट म्हटले की प्रसिद्ध छायाचित्रात रंग आणि टोन यांमध्ये संपूर्ण चौकटीवर तसेच ठिकठिकाणी बदल केलेले आहेत, मात्र त्यापलीकडे लक्षणीय फेरफाराचा किंवा जोडचित्राचा पुरावा नाही. आरोपाचे विश्लेषण त्यांनी सदोष ठरवले. एरर लेव्हल अॅनालिसिसबद्दल त्यांचे मत विशेष कठोर होते: ते तंत्र खऱ्या छायाचित्रांना वारंवार बनावट ठरवते आणि बनावट छायाचित्रे त्यातून निसटतात. दे काम यांचे निरीक्षण सामान्य वाचकालाही लगेच समजण्यासारखे होते. काही भाग उजळ आणि काही गडद केलेले आहेत हे त्यांनी मान्य केले. पण पिक्सेलच्या जागा पाहिल्या तर पुरस्कारप्राप्त जेपेगमध्ये प्रत्येक पिक्सेल रॉ फाइलमध्ये जिथे होता तिथेच आहे, म्हणून जोडचित्राचा प्रश्नच उद्भवत नाही, असे ते म्हणाले.

या निकालाचा पल्ला नेमका किती होता हे नीट पाहायला हवे. गल्लीतला उजेड नैसर्गिक वाटतो की नाही, इतके टोनिंग वृत्तछायाचित्राला शोभते की नाही, यांवर तो काही बोलत नाही. जे काही चौकटीत आहे ते एकाच वेळी, एकाच जागी, एकाच कॅमेऱ्यासमोर होते का, एवढ्याच प्रश्नाला त्याने उत्तर दिले आणि ते निर्विवाद दिले. टोनिंगचा वाद मात्र त्यामुळे मिटला नाही. उलट रॉ आणि अंतिम प्रत यांतील अंतर तज्ज्ञांनीच मान्य केल्यामुळे तो अधिक नेमकेपणाने मांडता येऊ लागला, आणि हेही मूळ फाइलचेच श्रेय आहे असे मला वाटते.

रॉ फाइल पुराव्याला का पुरते

रॉ फाइल जपणे म्हणजे मोठ्या आकाराची चांगल्या दर्जाची प्रत जपणे, असा समज अजूनही बराच आढळतो. तो अपुरा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर (सेन्सरवर) प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि रॉ फाइलमध्ये ती कच्ची मोजमापे राहतात. आपण पाहतो ते पूर्ण रंगीत चित्र नंतर गणिताने तयार होते. शिवाय तिच्यात त्या विशिष्ट संवेदकाचा गोंगाट (नॉइज, म्हणजे मोजमापांतील सूक्ष्म चढउतार) असतो, उत्पादकाच्या खास पद्धतीने लिहिलेल्या नोंदी असतात आणि कॅमेऱ्यानेच तयार केलेली एक छोटी जेपेग प्रत दडलेली असते. चित्रात फेरफार करून तो पुन्हा रॉच्या रूपात, या सर्व बाबी परस्परांशी जुळतील अशा रीतीने मागे नेऊन ठेवणे अत्यंत अवघड असते.

अवघड म्हणजे अशक्य नव्हे. कॅनन आणि निकॉन यांनी छायाचित्राची अस्सलता सिद्ध करण्यासाठी आपापल्या काही कॅमेऱ्यांत अंकीय स्वाक्षरीची सोय दिली होती. एल्कॉमसॉफ्ट या रशियन कंपनीने २०१० मध्ये कॅननची आणि २०११ मध्ये निकॉनची ती यंत्रणा भेदून दाखवली आणि फेरफार केलेल्या प्रतिमाही ‘अस्सल’ ठरवून घेतल्या. त्यानंतर छायाचित्र कुठून आले याची स्वाक्षरीसह नोंद फाइलसोबत ठेवणाऱ्या सीटूपीए या नव्या मानकावर आधारित व्यवस्था आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला लायका एम११-पी हा तशी सोय अंगभूत असलेला पहिला कॅमेरा. तरीही स्वाक्षरीच्या तंत्रावर विसंबून रॉ फाइल टाकून देणे शहाणपणाचे नाही, कारण स्वाक्षरी फार तर ‘ही फाइल बदलली’ एवढे सांगेल. काय बदलले, हे दाखवण्यासाठी तुलनेला मूळ फाइलच लागते.

काय बदलले हे दाखवण्याची ही ताकद हॅन्सन प्रकरणाच्या तीन वर्षे आधी याच स्पर्धेत दिसली होती. २०१० मध्ये युक्रेनचे छायाचित्रकार स्तेपान रुदिक यांना कीव्हमधील रस्त्यावरील मारामारीच्या मालिकेसाठी क्रीडा विभागात तिसरा पुरस्कार मिळाला. त्यातील एका छायाचित्रात हाताला पट्टी बांधली जात आहे. मूळ चौकट पुष्कळ मोठी होती. रुदिक यांनी तिचा बराच भाग क्रॉप करून टाकला, ती कृष्णधवल केली, दाणेदारपणा वाढवला, कडा काळवंडल्या. एवढे सगळे परीक्षकांनी चालवून घेतले असते. पण मूळ फाइलशी तुलना करताना हातामागे डोकावणारा दुसऱ्या कुणाच्या तरी पायाचा एक लहानसा भाग अंतिम चित्रातून नाहीसा झालेला आढळला आणि पुरस्कार काढून घेतला गेला.

असाच निकाल भारतात टिपलेल्या एका छायाचित्राच्या वाट्याला आला. नॅशनल जिओग्राफिकच्या २०१२ च्या छायाचित्र स्पर्धेत स्पेनमधील हॅरी फिश यांच्या वाराणसीच्या गंगाकाठच्या चित्राला स्थळांच्या विभागात पहिला क्रमांक मिळाला आणि काही दिवसांतच तो रद्द झाला, कारण चौकटीतील एक प्लास्टिकची पिशवी त्यांनी डिजिटल पद्धतीने पुसली होती. ती तशीच राहू दिली असती किंवा तो भाग क्रॉप केला असता, तरी अडचण आली नसती. हा सगळा प्रसंग फिश यांनी स्वतःच मोकळेपणाने जाहीर केला. चित्रावर एवढ्याशा पिशवीचा काडीचाही परिणाम होत नव्हता असे कोणालाही वाटेल, आणि तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो: पुसण्याला एकदा परवानगी दिली की किती पुसले म्हणजे जास्त, हे ठरवायला कोणतेही माप उरत नाही.

स्पर्धेने काय बदलले

हॅन्सन यांची रॉ फाइल पुरस्कार जाहीर होऊन जवळजवळ तीन महिने झाल्यावर, आरोप झाल्यावर, स्वतंत्र तज्ज्ञांपुढे गेली. हा क्रम उलटा होता आणि संस्थेने तो सुधारला. २०१४ च्या स्पर्धेपासून अखेरच्या फेऱ्यांत पोहोचलेल्या छायाचित्रांच्या मूळ फाइली मागवून तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या जाऊ लागल्या. पहिल्या वर्षी उपांत्य टप्प्यातील सुमारे ८ टक्के प्रवेशिका बाद झाल्या, २०१५ मध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के झाले. त्या वर्षीच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मिशेल मॅकनॅली होत्या. आशय काढून टाकणे किंवा भर घालणे, तसेच चित्राचा काही भाग इतका काळा करणे की त्यातला तपशीलच नाहीसा व्हावा, अशी कारणे पुढे आली. व्यावसायिक वृत्तछायाचित्रकारांच्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात पाचातले एक चित्र बाद व्हावे, हे धक्कादायक होते.

२०१५ च्या अखेरीस संस्थेने नियम अधिक स्पष्ट केले. चौकटीत काही घालणे, काढणे किंवा हलवणे निषिद्ध; क्रॉप करणे आणि संवेदकावरील धूळ किंवा स्कॅनवरील ओरखडे पुसणे हे अपवाद. रंग व टोन बदलता येतील, पण पार्श्वभूमी, वस्तू किंवा माणसे झाकोळून जातील इतके नाही.

मूळ फाइल जिथे अपुरी पडते

या सगळ्यावरून रॉ फाइल दाखवली की खरेपणा सिद्ध झाला, असे कोणी समजेल. तसे नाही, आणि याची उदाहरणेही ठळक आहेत. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोनेच जोव्हानी ट्रोइलो यांचा बेल्जियममधील शार्लरुआ शहरावरील मालिकेचा पुरस्कार काढून घेतला, कारण तिच्यातील एक छायाचित्र प्रत्यक्षात ब्रुसेल्सच्या परिसरात घेतलेले निघाले. त्याच्या पिक्सेलांत काही खोट नव्हती, खोट चित्राखालच्या ओळीत होती. त्याआधी, वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला जानेवारी २०१० मध्ये अपात्र ठरवण्यात आले. लांडगा माणसाळवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. कॅमेऱ्यासमोर उभे केलेले दृश्य कॅमेरा निमूटपणे टिपतो आणि रॉ फाइल त्याची प्रामाणिक नोंद ठेवते.

२०१८ चे मार्सिओ काब्राल प्रकरण मात्र जपणुकीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानात रात्री, चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेल्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या त्यांच्या छायाचित्राला याच वाइल्डलाइफ स्पर्धेत २०१७ मध्ये पुरस्कार मिळाला होता. उद्यानाच्या एका प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी हा प्राणी फारच जुळतो, असा संशय पुढे आल्यावर पाच शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तुलना केली आणि केसांचे झुपके, खुणा व देहाची ठेवण यांवरून तो एकच प्राणी असल्याचे मत दिले. काब्राल यांनी आरोप नाकारला. त्यांनी विजेत्या चौकटीच्या आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइली संग्रहालयाला दिल्या, पण त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता. पुरस्कार रद्द झाला. विजेती चौकट एकटी असली आणि तिच्या मागेपुढे त्या प्राण्याच्या येण्याजाण्याचा मागमूस नसला, तर शेजारच्या चौकटी छायाचित्रकाराच्या बाजूने काहीच बोलू शकत नाहीत.

शेजारच्या चौकटींचे हे महत्त्व फिल्मच्या काळात वेगळे सांगावे लागत नसे. फिल्मच्या कडेला उत्पादकानेच छापलेले क्रमांक असत आणि पट्टी कापल्याशिवाय एखादी चौकट मधूनच काढता येत नसे. १९८४ च्या भोपाळ वायुकांडातील एका बालकाच्या दफनाचे पाब्लो बार्थोलोम्यू यांचे छायाचित्र याच वर्ल्ड प्रेस फोटोच्या सर्वोच्च पुरस्काराचे मानकरी ठरले, आणि तेच दफन रघू राय यांनीही टिपले होते. एका दृश्याला दुसऱ्या छायाचित्रकाराची निगेटिव्ह साक्षीला असणे हा योग दुर्मिळ. पण स्वतःच्याच मागच्यापुढच्या चौकटी साक्षीला असणे ही त्या पट्टीची अंगभूत सोय होती. मेमरी कार्डाने ती हिरावून घेतली, कारण कार्डावरील कोणतीही एक चौकट मागेपुढे धक्का न लावता पुसता येते.

जपणूक प्रत्यक्षात

हॅन्सन प्रकरणातून स्पर्धकाने उचलायची पहिली गोष्ट म्हणजे ‘मूळ’ या शब्दाची सीमा. कॅमेऱ्याने कार्डावर जी फाइल लिहिली ती आणि तीच मूळ. लाइटरूम या संस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व स्लायडर शून्यावर आणून काढलेली प्रत मूळ नव्हे, आणि निकॉनची एनईएफ किंवा सोनीची एआरडब्ल्यू ही रॉ फाइल डीएनजी या सामाईक रॉ स्वरूपामध्ये रूपांतरित करून मूळ पुसून टाकली तर उरलेली डीएनजीही काटेकोर अर्थाने मूळ नव्हे. आयात करतानाच डीएनजी करण्याची सोय अनेकजण जागा वाचवण्यासाठी चालू ठेवतात, आणि मग ज्या स्पर्धेचे नियम कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल मागतात तिथे अडकतात. नावाचीही तीच गत आहे: कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक चौकटींचा क्रम सांगतो, म्हणून हवे तर कामाच्या प्रतीला नवे नाव द्यावे, मूळ फाइलीचे नाव जसेच्या तसे राहू द्यावे.

जेपेगमध्येच छायाचित्रण करणाऱ्यांची जोखीम अधिक असते. रॉ फाइलीवर केलेले संस्करण बहुतेक सॉफ्टवेअर शेजारच्या वेगळ्या फाइलीत किंवा कॅटलॉगमध्ये लिहिते, त्यामुळे मूळ सहसा सुरक्षित राहते. जेपेगच्या बाबतीत मात्र एखाद्या साध्या चित्रदर्शकात फाइल फिरवून जतन केली तरी ती नव्याने आवळली (कॉम्प्रेस केली) जाऊ शकते. प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक सॉफ्टवेअर जेपेग आवळताना आपापली कोष्टके वापरते. मेटाडेटा आणि छोट्या पूर्वचित्राच्या रचनेतही त्यांच्या खुणा राहतात, आणि त्यांवरून फाइल थेट कॅमेऱ्यातून आली की वाटेत कुठे थांबली हे ओळखण्याचे काम फरीद यांनी आपल्या संशोधनातही केले आहे. निरुपद्रवी हेतूने फिरवलेली फाइलही मग ‘कॅमेऱ्याबाहेर जतन झालेली’ ठरते आणि निर्दोष स्पर्धकाला खुलासे देत बसावे लागते. शक्य असेल तिथे रॉ आणि जेपेग दोन्ही नोंदवणे हा सरळ उपाय आहे.

कार्डावरून फाइली उतरवताना त्या हलवण्याऐवजी नकलाव्यात, दोन निरनिराळ्या डिस्कांवर नकला झाल्याची खातरजमा करावी आणि मगच कार्ड फॉरमॅट करावे. त्याच वेळी प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ओळखक्रमांक, काढून वेगळ्या मजकूर-फाइलीत ठेवला तर पुढे वर्षानुवर्षे, फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ते कळते. मात्र या चेकसमचा आवाका ओळखून असावे: त्या दिवसानंतर फाइल बदललेली नाही एवढेच तो सांगतो, त्या दिवशी ती अस्सल होती हे सांगत नाही. चुकीचे लावलेले घड्याळ हीदेखील नेहमीची भानगड. परदेशात गेलेला कॅमेरा भारतीय वेळेवरच राहतो, आणि मग सूर्याच्या स्थितीवरून सावल्या तपासणाऱ्याला काही तासांचा घोळ दिसतो. अशा वेळी मूळ फाइलीतील वेळ दुरुस्त करण्याचा मोह टाळून ती चूक वेगळ्या टिपणात लिहून ठेवणे बरे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते निवड करताना. ताडोब्याच्या सफारीत वाघ दिसल्यावर सेकंदाला दहा-वीस चौकटींच्या वेगाने शेकडो चित्रे घेतली जातात आणि त्याच रात्री जागा मोकळी करण्यासाठी, जिथे डोळे मिटलेले, शेपूट कापलेली, धूसर, त्या सगळ्या पुसल्या जातात. उरलेली एक सर्वोत्तम चौकट नंतर स्पर्धेला जाते. पुसलेल्या चौकटी चित्र म्हणून टाकाऊ असतील. साक्षीदार म्हणून त्यांची किंमत फार मोठी असते, कारण वाघ झाडीतून आला कसा, गेला कुठे, आजूबाजूला गाड्या किती होत्या, हे त्याच सांगतात. म्हणून जे चित्र कधीकाळी स्पर्धेला पाठवण्याची शक्यता वाटते त्याच्या आगेमागची संपूर्ण मालिका, खराब चौकटींसह, ठेवून द्यावी. तो कॅमेराही लगेच विकून टाकू नये. संवेदकाच्या सूक्ष्म गोंगाटाचा नमुना प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो आणि त्याच कॅमेऱ्याची आणखी काही चित्रे मिळाली तर वादग्रस्त चित्र त्यातूनच निघाले का हे ताडून पाहता येते.

फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या मान्यतेने होणाऱ्या सलॉनमध्ये, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांमध्ये, भाग घेणाऱ्या आपल्याकडील क्लबच्या छायाचित्रकारांना मूळ फाइल मागितली जाण्याचा प्रसंग वर्ल्ड प्रेस फोटोपेक्षा कितीतरी अधिक संभवतो. ती मागणी आली की फाइल व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवू नये. त्यात ती आवळली जाते आणि मेटाडेटाही गळून पडतो. आयोजकांनी दिलेल्या दुव्यावर किंवा क्लाउडमधील फोल्डरच्या दुव्याने, मूळ नावासह, आगेमागच्या चौकटींसह ती द्यावी. सोबत हॅन्सन यांनी दिले तसे, संस्करण कसे केले याचे साधे, क्रमवार टिपण जोडावे. त्यांच्या प्रकरणात नुसते टिपण लोकांना पटले नाही आणि नुसत्या मेटाडेटाने दिशाभूल केली. फाइल हाताशी असल्यावर मात्र टिपणातील विधान तपासून पाहता आले.

मोबाइलच्या बाबतीत हा सारा विचार थोडा डळमळतो. आजचे फोन बटण दाबण्याच्या आसपासच्या अनेक चौकटी आपणहून एकत्र करून एक चित्र बनवतात, तेव्हा दे काम यांची ‘प्रत्येक पिक्सेल आपापल्या जागी’ ही कसोटी लावायची तर तुलनेला धरायची मूळ वस्तूच आधीच जोडलेली असते. तरी फोनमधून निघालेली पहिली फाइल आणि नंतर हाताने बदललेली फाइल यांतला फरक तपासता येतोच, म्हणून फोनच्या गॅलरीतले ‘मूळ प्रत’ राखणारे पर्याय चालू ठेवणे आवश्यक आहे.

आता २०१५ नंतरचे नियम लावले असते तर ‘गाझा बरियल’ टिकले असते का? माझ्या मते टिकले असते. त्यात काही उजळले, काही गडद झाले, पण भिंती, मागची माणसे, वडिलांचा देह यांपैकी काहीही अंधारात बुडवलेले नाही. नियम ज्याला आशय झाकणे म्हणतो ते इथे घडलेले नाही. दुसरा कोणी परीक्षक या टोनिंगला नाटकी म्हणून गुण कमी करील आणि तो त्याचा अधिकार आहे. मात्र आम्हा दोघांनाही आपापले मत रॉ फाइल आणि अंतिम प्रत समोरासमोर ठेवूनच मांडावे लागेल.